डिशवॉशर घेताना आतलं साहित्य कसं पारखावं
(सोलापूरच्या ग्राहकांसाठी)

मशीन बघताना आधी खालचं बास्केट पूर्ण बाहेर ओढा आणि टबचं बूड बघा. 'स्टील टब' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मशीनमध्ये भिंतीच तेवढ्या स्टीलच्या असतात. गरम पाणी साचतं ते बूड पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचं निघतं. ते विषारी नाही, पण हळदीचा डाग आणि तेलाचा वास धरून ठेवतं. घरात शेंगाचटणीचे डबे रोज धुवायचे असतील तर बूडही स्टीलचंच घ्या.

आमच्या दुकानात येताना लहानसा लोहचुंबक आणा आणि आतल्या भिंतीला मधोमध, सपाट जागी लावा. चिकटला नाही तर स्टील बहुतेक ३०४ दर्जाचं, म्हणजे निकेल असलेलं. घट्ट चिकटला तर ४३० सारखं बिननिकेलचं. तेही भांड्यांना चालतं, फक्त मिठाच्या पाण्यापुढे लवकर हार मानतं. कोपऱ्यात लावून बघू नका, वाकवलेल्या जागी ३०४ सुद्धा चुंबक थोडा ओढतं.

खरं लक्ष द्यायचं ते बास्केटकडे. आत लोखंडी तार, वर नायलॉनचा किंवा पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळतात. नायलॉन जास्त टणक, ६५–७० अंशांच्या पाण्यातही चांगला टिकतो. आमची पसंती त्यालाच. कोणता थर आहे ते कोटेशनवर लिहून घ्या. सळ्यांची टोकं आणि जोड बोटाने चाचपा. तिथे थर चिरला की पाणी आत शिरतं, तार गंजते आणि ताटांवर तांबूस ठिपके येतात. मग दोष टबला दिला जातो!

चमच्यांच्या जाळीवर 'बीपीए-फ्री' (बीपीए म्हणजे काही प्लॅस्टिकमध्ये असणारं बिस्फेनॉल-ए हे रसायन) स्टिकर दिसला तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. पॉलिप्रॉपिलीनमध्ये बीपीए मुळातच नसतं.

नव्या मशीनला डांबरासारखा वास येऊ शकतो. आवाज दाबण्यासाठी टबच्या बाहेरून बिटुमेनचे पट्टे लावलेले असतात, ते तापतात. भांड्यांशी त्यांचा संबंध येत नाही. खिडकी उघडी ठेवून सर्वांत गरम प्रोग्रॅमवर एक-दोनदा रिकामं चालवा.

आता पाणी. नळाला उजनीचं येतं की बोअरचं, हे आम्हाला आधी सांगा. बोअरचं पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. टेस्ट स्ट्रिपवर जडपणा मोजून मशीनचा सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारा भाग) तेवढ्यावर लावावा लागतो. त्यात डिशवॉशरचंच मीठ घाला; घरच्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात. मीठ भरायचं ते भांडी लावून झाल्यावर, मशीन सुरू करण्याच्या अगदी आधी. सांडलेलं मीठ रात्रभर टबात राहिलं तर ३०४ स्टीललाही बारीक खड्डे पडतात.

रिन्स एड म्हणजे भांडी डाग न पडता वाळावीत म्हणून शेवटच्या पाण्यात मिसळणारं द्रव. त्याचा पातळ थर भांड्यावर राहतोच. म्हणून मशीनवरचं त्याचं सेटिंग डाग पडणार नाहीत इतक्या कमीत कमी आकड्यावर ठेवा.

अ‍ॅल्युमिनियमची कढई, पितळी आणि कल्हईची भांडी आत लावू नका. डिटर्जंट अल्कलीयुक्त असतं. अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं, कल्हई झिजते.