सेमिनार, प्रक्रिया-सुधारणेचे (बेळगाव सीमाभाग)

कामाची पद्धत सुधारणे, नोंदींच्या संगणकप्रणाली आणि आरोग्यसेवा या विषयांवर बेळगाव जिल्ह्यातील व लगतच्या सीमाभागातील अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांत, तसेच कारखान्यांत भरणारी चर्चासत्रे. छापील निमंत्रणावर मराठीत ‘चर्चासत्र’ किंवा ‘परिसंवाद’, तर कन्नडमध्ये ‘विचारसंकिरण’ असा शब्द येतो. बोलताना दोन्ही भाषांत ‘सेमिनार’च म्हणतात. शहराचे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी आहे. या नोंदीत मराठीतील रूढ नाव ठेवले आहे.

परंपरेचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. तो लक्ष्मणराव किर्लोस्करांपर्यंत मागे नेण्याचा मोह साहजिक आहे. किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे येथेच लोखंडी नांगर घडवला आणि 1910 मध्ये ते औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर गेले. कारागिरीची परंपरा त्यांच्यापासून धरणे योग्यच. पण कारागिरी वेगळी आणि केलेले काम आकड्यांत मांडून चारचौघांपुढे तपासायला ठेवणे वेगळे. दुसरे मत गोगटे तंत्रनिकेतन महाविद्यालयाच्या स्थापनेकडे (1979) बोट दाखवते. हे महाविद्यालय उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, ओतशाळा आणि मशीन शॉप यांच्या शेजारीच उभे राहिले, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना कारखान्यांतले प्रश्न हाताशी मिळाले. तिसरे मत विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या स्थापनेला (1998) महत्त्व देते. विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आले आणि ‘टेक्निकल सेमिनार’ हा पदवीच्या शेवटच्या वर्षाचा गुणांचा विषय झाला. तेव्हापासून निडसोशी, चिकोडी, निपाणी येथील विद्यार्थ्यालाही वर्गापुढे उभे राहून एका विषयाची मांडणी करावी लागते व प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. संख्येने पाहता हे तिसरे मत बळकट ठरते. आशयाने पाहता मात्र वैद्यकीय शाखेचा वाटा यांतील प्रत्येक मतात कमी धरला गेला आहे. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय 1963 मधील आहे. मोजमाप आणि नोंद यांवर बेळगावात झालेले सर्वांत टिकाऊ काम, जे जगाने उचलले, ते त्याच्याच प्रसूतिशास्त्र विभागाभोवती घडले.

ते काम साध्या प्रश्नापासून सुरू झाले : बाळंतिणीचा रक्तस्राव नेमका किती झाला? 500 मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले तर त्यास प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात. परंतु चादरीवर, फरशीवर आणि कापडी घड्यांत विखुरलेले रक्त नजरेने मोजायचे कसे? बेळगावातील डॉक्टर आणि अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाचा कॅन्सस सिटी येथील विभाग यांनी मिळून यासाठी ‘ब्रास-व्ही’ नावाचे मोजपट्टीचे प्लास्टिक बनवले. बाळ बाहेर आले, गर्भजल वाहून गेले की ते बाळंतिणीच्या खाली सरकवतात आणि त्याचे बंद कमरेला बांधतात. त्याचा खालचा भाग नरसाळ्यासारखा निमुळता होत एका पिशवीत उतरतो. पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा असतात, त्यामुळे रक्त साठते तसा आकडा वर चढताना दिसतो. त्यात वीज नाही, पडदा नाही, सुटा भाग नाही. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात 123 प्रसूतींवर झालेल्या तुलनेत नजरेचा अंदाज या मोजणीपेक्षा 33 टक्क्यांनी कमी निघाला (2006). अनुभवी सिस्टरचा डोळाही तिसऱ्या हिश्श्याइतका चुकतो, ही गोष्ट कोणत्याही गुणवत्ता-व्याख्यानापेक्षा अधिक शिकवते.

याच साधनाने मोजमाप करून जिल्ह्याच्या ग्रामीण भागात 2002 ते 2005 या काळात रक्तस्राव टाळणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाची चाचणी झाली. 1620 स्त्रियांपैकी निम्म्यांना प्रसूतीनंतर 600 मायक्रोग्रॅम औषध तोंडावाटे दिले गेले, तर उरलेल्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. गोळ्या देणाऱ्या होत्या आरोग्यसेविका. रक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये हे औषध रक्तस्राव टाळण्यासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. मोजपट्टीच्या प्लास्टिकचे तत्त्व पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील 80 रुग्णालयांत, उपचारांच्या ठरलेल्या संचासह, तपासले गेले. 2023 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार गंभीर रक्तस्राव, पोट उघडण्याची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू या एकत्रित परिणामात 60 टक्के घट झाली. बेळगावच्या प्रसूतिकक्षातून निघालेला हा धागा इथवर पोचला आहे. येथील अभियांत्रिकीच्या सेमिनारमध्ये त्याचा उल्लेख क्वचित होतो, याची खंत वाटते.

प्रक्रिया-सुधारणेची शिकवण कारखान्याकडून आली, यात मतभेद नाही. वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये मांडलेला नियंत्रण-आलेख, ‘योजा, करा, तपासा, दुरुस्त करा’ हे चक्र, कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची जपानी पद्धत ‘फाइव्ह एस’ आणि चूक होऊच न देणारी ‘पोका-योके’ यांचा परिचय उद्यमबागेत पाट्यांवरून आणि शॉप फ्लोअरवरून होतो. ओतशाळेतले उदाहरण नेहमीचे : वाळूतील ओलावा ठरलेल्या पातळीपेक्षा वाढला की ओतीव भागात ब्लोहोल (वायूमुळे पडणाऱ्या पोकळ्या) येतात आणि रिजेक्शन, म्हणजे नाकारलेल्या भागांचे प्रमाण, वाढते. दर पाळीला ओलावा मोजून आलेखावर ठिपका मांडला, तर रिजेक्शन पडण्याआधीच चढती रांग दिसते. प्रसूतिकक्षातही हेच तत्त्व लागू पडते. केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ उपक्रमात (2017) प्रसूतिकक्षांची सुधारणा अशाच लहान चक्रांनी करायची असते. सुरक्षित प्रसूतीची जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी-यादी 2010 मध्ये कर्नाटकातील एका उपजिल्हा पातळीवरील प्रसूती केंद्रात अजमावली गेली. तेथे प्रत्येक प्रसूतीत पाळायच्या 29 गोष्टींपैकी सरासरी 10 पाळल्या जात होत्या, यादीनंतर 25 पाळल्या जाऊ लागल्या.

माहिती-प्रणालींच्या बाबतीत सीमाभागाचा प्रश्न खास त्याचा स्वतःचा आहे. जिल्ह्यात 2008 च्या सुमारास सुरू झालेली माता-नवजात नोंदवही ‘ग्लोबल नेटवर्क’ या आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्याचा भाग आहे. तीत गरोदर स्त्रीची नोंद होते व प्रसूतीनंतर 42 दिवसांपर्यंत तिची व बाळाची खबर घेतली जाते. पण चंदगड तालुक्यातील सासरी नाव नोंदवलेली लेक पहिल्या बाळंतपणाला बेळगावच्या माहेरी येते, किंवा दुखू लागल्यावर दूरच्या कोल्हापूरपेक्षा जवळचे बेळगाव गाठते. तिचे सासरचे कागद मराठीत, माहेरचे तायी कार्ड (कर्नाटकातील गरोदर मातेचे नोंदपत्र) कन्नडमध्ये आणि रुग्णालयाच्या संगणकात नाव रोमनमध्ये असते. तिन्ही नोंदी एकाच बाईच्या, हे संगणकाला कळावे कसे?

उच्चारावरून नावे जुळवणारी ‘साउंडेक्स’ ही 1918 ची अमेरिकन पद्धत विद्यार्थी प्रथम वापरून पाहतात. तीत पहिले अक्षर जसेच्या तसे राहते आणि पुढच्या व्यंजनांना अंक मिळतात. ‘लक्ष्मी’ हे नाव रोमनमध्ये ‘एक्स’ने लिहा की ‘के-एस-एच’ने, संकेत एकच येतो : एल 250. ‘ज्ञानेश्वर’ला मात्र ही पद्धत फसते. मराठी माणूस ते ‘डी-एन-वाय’ने सुरू करतो, हिंदी वळणाने ‘जी-वाय’ होते आणि कन्नड वळणाने ‘जे-एन’. संकेत अनुक्रमे डी 552, जी 526 आणि जे 552 असे तीन निघतात, आणि एका माणसाची तीन माणसे होतात. विद्यापीठाच्या परिसराचे ‘ज्ञानसंगम’ हे नाव रोमनमध्ये ‘जे-एन’नेच लिहिले जाते, म्हणजे हा प्रश्न रोज फाटकावरच भेटतो. ‘विठ्ठल’ही ‘व्ही’ने लिहिला की व्ही 340 आणि ‘डब्ल्यू’ने लिहिला की डब्ल्यू 340. पहिले अक्षर मोकळे सोडून ‘ज्ञ’, ‘व’, ‘झ’ यांच्यासाठी मराठी-कन्नड उच्चारांचे गट आधी बांधणे हा उपाय नोंदकाराला अधिक पटतो. दोन नावे किती जुळतात याच्या नुसत्या गुणांवर भिस्त ठेवली तर एकाच गावातल्या एकाच नावाच्या दोघी एक होऊन बसतात. एकीच्या तीन नोंदी होण्यापेक्षा हे जास्त धोक्याचे, कारण एकीच्या रक्तगटाचा कागद दुसरीच्या नावे जाऊ शकतो. आरोग्य-नोंदींसाठीचा देशव्यापी ओळख-क्रमांक (‘आभा’, 2021 पासून) रुजला की हा प्रश्न सुटेल असे म्हटले जाते; क्रमांक नसलेल्या जुन्या वह्या मात्र तशाच राहतात.

सेमिनारची रीत सगळीकडे जवळपास सारखीच असते : दीपप्रज्वलन, स्वागत, बीजभाषण, पेपर, जेवण, प्रमाणपत्र. पेपर इंग्रजीत वाचला जातो आणि प्रश्नोत्तरे मराठी-कन्नडच्या मिश्रणात उतरतात. खरी चर्चा तेव्हाच रंगते, कारण ओतशाळेचा पर्यवेक्षक किंवा वॉर्डाची सिस्टर तेव्हाच तोंड उघडते. प्रश्न नेमका असतो : ‘हे सगळं भरायला वेळ कोण देणार? एका पाळीला आम्ही दोघीच.’ पेपरात वेळेचा हिशेब नसेल तर सादरकर्ता येथे अडतो. चांगल्या मार्गदर्शकाकडून तयारी करून आलेला विद्यार्थी आधीच वॉर्डात उभा राहून एक फॉर्म भरायला किती मिनिटे लागतात ते मोजून आलेला असतो.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ (2004 चे महाविद्यालय) आणि बिदर जिल्ह्यात बिदर व भालकी येथेही अशी चर्चासत्रे भरतात.