मेल ब्लँक यांना गाजराची ॲलर्जी नव्हती

बग्ज बनी या कार्टून सशाचा आवाज असलेल्या मेल ब्लँक यांना गाजराची ॲलर्जी होती, ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. ती खरी नाही. खुद्द ब्लँक यांनीच ती खोडून काढली होती.

मग रेकॉर्डिंग करताना चावलेलं गाजर ते थुंकून का टाकायचे? वेळेपायी. ससा कचकन गाजर तोडतो आणि लगेच बोलू लागतो. तोंडात बोकणा भरलेला असताना संवाद म्हणणार कसा, आणि चावून गिळेपर्यंत रेकॉर्डिंग खोळंबणार. म्हणून एक घास तोडायचा, टोपलीत थुंकायचा, पुढचं वाक्य घ्यायचं. दुसऱ्या भाज्या-फळांनी तो करकरीत आवाज साधेना, म्हणून गाजरच लागायचं.

या अफवेनं त्यांची मेहनत झाकली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अमेरिकन विनोदवीर जॅक बेनी यांच्या रेडिओ कार्यक्रमात खटारा मॅक्सवेल गाडीचं खोकणं-धापणंसुद्धा ते तोंडानंच काढत. जानेवारी १९६१ मध्ये भीषण मोटार अपघात झाला, अंगभर प्लॅस्टर चढलं. तरी घरी पलंगावर पडून, समोर माइक टांगून त्यांनी 'द फ्लिंटस्टोन्स' या कार्टून मालिकेतल्या बार्नीचे संवाद रेकॉर्ड केले.