आपत्कालीन वैद्यक : नव्या डॉक्टरांचा अभ्यासक्रम

कॅज्युअल्टीत रुजू होणाऱ्या निवासी डॉक्टरांनी (रेसिडेंटनी) काय शिकायचे, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे ठरवणारा आराखडा. या शाखेचा पहिला रेसिडेन्सी अभ्यासक्रम अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात १९७० साली सुरू झाला. भारतात मेडिकल कौन्सिलने २००९ मध्ये आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली. आज त्यात तीन वर्षांचा एमडी आणि डीएनबी हे पदव्युत्तर अभ्यासक्रम करता येतात. त्याआधी कॅज्युअल्टीची भिस्त सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) आणि इंटर्नवर असे. अनेक रुग्णालयांत आजही तीच स्थिती आहे.

रुग्ण इथे आजाराचे नाव घेऊन येत नाही. दम लागलाय, छातीत दुखतंय, शुद्ध हरपलीय, एवढेच नातेवाईक सांगतात आणि निदान होण्याआधीच उपचार सुरू करावे लागतात. त्यामुळे हा अभ्यासक्रम अवयवांच्या क्रमाने लावण्यापेक्षा लक्षणांवरून मांडलेला बरा. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी तो आल्यापासून दहा मिनिटांत काढून वाचलेला असावा, हा जगभर मान्य निकष आहे. नव्या रेसिडेंटला हे पहिल्याच आठवड्यात जमायला हवे. हृदयविकाराचे सविस्तर शास्त्र नंतर शिकता येते.

अभ्यासक्रम आखताना आधी गरज तपासावी, असे वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड कर्न आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली सहा टप्प्यांची पद्धत सांगते. आपल्याकडे त्याचा साधा अर्थ असा की, परदेशी पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका उतरवण्याआधी स्वतःच्या कॅज्युअल्टीचे रजिस्टर उघडावे. महाराष्ट्रात त्यात दुचाकींचे अपघात, कीटकनाशकांची विषबाधा, साप आणि विंचू हमखास सापडतील. कोकणात विंचूदंशाने होणारे मृत्यू महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाच्या वापराने खूप कमी करून दाखवले. हे ज्ञान इथल्या रुग्णांतून उभे राहिले आहे आणि इथल्या अभ्यासक्रमात ते मानाने यायला हवे.

सर्पदंशाचेच पाहा. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल तर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन ती वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करायची. रक्त गोठले नसेल तर प्रतिविष लगेच सुरू करायचे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर चाचणी फसते. मण्यारीच्या दंशात रक्त व्यवस्थित गोठते, चावल्याची खूणही अनेकदा दिसत नाही. पोटदुखी आणि जडावलेल्या पापण्यांवरूनच ओळखावे लागते. हे वर्गात सांगून पुरत नाही. नळी रेसिडेंटने स्वतः हातात धरली पाहिजे आणि सीनियर शेजारी उभा पाहिजे.

मूल्यमापनाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. माहीत असणे, कसे करायचे ते सांगता येणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे, अशा चार पायऱ्या वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडल्या. लेखी परीक्षा पहिल्या दोनच पायऱ्या तपासते. २००५ मध्ये याच क्षेत्रातले ओले टेन केट यांनी विश्वासाने सोपवता येण्याजोग्या कामांची कल्पना पुढे आणली: या डॉक्टरवर हे काम एकट्याने सोडता येईल का, की सीनियर खोलीत हवा, की नुसता फोनवर चालेल? इंट्युबेशनच्या (श्वासनलिकेत नळी घालण्याच्या) बाबतीत हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या वहीत, पन्नास नोंदी असल्या तरी त्यांतून उत्तर मिळत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता जिल्हा रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयातले, तीन महिनेही करावे लागतात. सीटी स्कॅन आणि तज्ज्ञ हाताशी नसताना कोणाला थांबवायचे आणि कोणाला पुढे पाठवायचे, हा निर्णय तिथेच अंगवळणी पडतो. ड्युटी बदलताना हँडओव्हर देणे, एमएलसीची (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसची) कागदपत्रे, नातेवाईकांना मृत्यूची बातमी सांगणे, या गोष्टी बहुधा पाहून पाहूनच शिकल्या जातात. त्यांनाही वेळापत्रकात तास हवा.

सगळ्यात अवघड असतो तो तासच. शाखा तरुण असल्याने भूल, मेडिसिन, सर्जरी अशा विभागांतून आलेले अध्यापक पुष्कळ ठिकाणी शिकवतात आणि रेसिडेंट वर्गात बसले की कॅज्युअल्टी सांभाळणारे हात कमी पडतात. म्हणून शिकवण्याच्या वेळेत ड्युटी कोण करणार, हे नावानिशी लिहिलेले रोस्टर अभ्यासक्रमाच्या आराखड्यासोबतच मंजूर करून घ्यावे लागते.