ईस्ट बंगालचा फॅन एवढा का चिडलेला असतो: सहीच्या भांडणामागची पार्श्वभूमी

कोलकात्याची फुटबॉल टीम ईस्ट बंगाल मॅच हरली की सगळ्यात आधी शिव्या कोच किंवा स्ट्रायकरला पडत नाहीत, त्या पडतात क्लबच्या पदाधिकाऱ्यांना आणि लगेच पाठोपाठ त्या वर्षी जो कोणी इन्व्हेस्टर असेल त्याला. मुंबई-पुण्यात आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, बघणाऱ्याला हे जरा विचित्र वाटतं, कारण आपल्याकडच्या टीम्स मुळात पैसेवाल्यांनी काढलेल्या, त्यांना परवडेनासं झालं की त्या बंद. पुणे सिटी २०१९ ला अशीच गेली, तिची जागा हैदराबादने घेतली, चार दिवस हळहळ झाली आणि विषय संपला. कोलकात्यात विषय संपत नाही. तिथे टीमच्या आधीपासून क्लब आहे, क्लबला मेंबर आहेत, मेंबर कमिटी निवडून देतात, आणि या सगळ्याच्या बाहेर लाखो लोक असे आहेत ज्यांच्याकडे मेंबरशिप कार्ड नाही पण घरात तीन पिढ्या लाल-सोनेरी रंग आहे. राग या शेवटच्या लोकांचा जास्त आहे, कारण त्यांना कोणीच काही विचारत नाही.

जुना इतिहास थोडक्यातच सांगतो, तो बऱ्याच जणांना माहितीये. १९२० चा ऑगस्ट, एका खेळाडूला टीमबाहेर बसवल्यावरून झालेलं भांडण, पूर्व बंगालमधून आलेल्यांचा क्लब, मग फाळणी आणि निर्वासितांच्या वस्त्यांमधून मिळालेला पाठिंबा. १९७५ च्या आयएफए शील्ड फायनलला कोलकात्यातल्याच कट्टर प्रतिस्पर्धी मोहन बागानवर ५-०. १९९७ ला सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाच्या वर पब्लिकसमोर पुन्हा त्यांच्यावरच ४-१, भाईचुंगची हॅटट्रिक. २००३ ला जकार्तात जाऊन आसियान क्लब कप. नॅशनल लीग तीनदा, शेवटची २००३-०४ ला. त्यानंतर २०२४-२५ पर्यंत पुरुषांच्या टीमला देशाची लीग एकदाही नाही. म्हणजे तोपर्यंत नुकत्याच विशीत आलेल्या फॅनने आपली ही टीम लीग जिंकताना पाहिलेलीच नव्हती, त्याला हे सगळं वडिलांकडून आणि काकांकडून ऐकून माहिती होतं.

पैशाचा प्रश्न पण नवा नाही. १९९८ ला एक मोठी मद्य कंपनी दोन्ही मोठ्या क्लबांत एकदमच आली, एकीकडे मॅकडॉवेल मोहन बागान आणि दुसरीकडे किंगफिशर ईस्ट बंगाल. तेव्हाही क्लबच्या नावापुढे ब्रँड लागला म्हणून कुरकुर झालीच होती, पण पगार वेळेवर होत होते, टीम चांगली होती, लोकांनी चालवून घेतलं. पुढे पैसा आटत गेला, २०१३ ला चिट फंड कंपन्या बुडाल्या तेव्हा कोलकात्याच्या फुटबॉलमधला बराच पैसा त्यांच्याबरोबर गेला. आणि नेमकं त्याच सुमाराला आयएसएल आली. २०१६ ला भारतीय फुटबॉल फेडरेशनने रोडमॅप मांडला की यापुढे आयएसएल वरची लीग, आय-लीग, म्हणजे तोवरची देशाची मुख्य लीग, खालची. गोव्याच्या धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या तिघांनी सरळ आय-लीगमधून अंग काढून घेतलं, आणि माझ्या मते गोव्याच्या फुटबॉलला तो धक्का अजून पचलेला नाही. कोलकात्याच्या दोघांनी तसं केलं नाही, ते थांबले, २०१७ ला वाटाघाटी केल्या, वर्षाला पंधरा कोटींच्या आसपासची फ्रँचायझी फी आम्ही का भरायची, आणि कोलकाता सोडून दुसऱ्या शहरात का खेळायचं, हे त्यांचे दोन मुद्दे होते. मुद्दे बरोबरच होते. पण ऐकलं नाही कोणी.

मग २०१८ च्या जुलैमध्ये बंगळुरूची एक कंपनी आली, सत्तर टक्के हिस्सा तिचा, तीस क्लबचा, टीमचं नाव क्वेस ईस्ट बंगाल. पहिलं वर्ष खरंच मस्त गेलं. स्पॅनिश कोच, दोन्ही डर्बी, म्हणजे मोहन बागानविरुद्धच्या मॅच, जिंकल्या, आय-लीग एका पॉइंटने हुकली, चेन्नई सिटी ४३ आणि ईस्ट बंगाल ४२. पण आतून तेव्हाच फाटलेलं होतं. २०१९ च्या सुपर कपवर आय-लीगच्या क्लबांनी बहिष्कार घातला तेव्हा इन्व्हेस्टर बहिष्काराच्या बाजूने आणि क्लबचे पदाधिकारी खेळायच्या बाजूने, हे पेपरात रोज येत होतं. एका टीमची दोन ऑफिसं झाली होती. वर्षभरात कंपनीने जायचं ठरवलं, आणि कोविडचं लॉकडाऊन लागल्यावर फोर्स मज्यूर, म्हणजे हाताबाहेरच्या संकटाचं कलम, दाखवून १ मे २०२० पासून खेळाडूंचे करार संपवून टाकले. जे खेळाडू सीझनचा पूर्ण पगार मागत होते त्यांच्यापैकी एक कोस्टा रिकाकडून २०१८ चा वर्ल्ड कप खेळलेला डिफेंडर होता. त्याच्या थकबाकीचं प्रकरण नंतर ट्रान्सफर बॅनपर्यंत, म्हणजे नवे खेळाडू घ्यायच्या बंदीपर्यंत, गेलं, आणि तो बॅन बसला क्लबवर. कंपनी निघून गेली आणि बिल क्लबच्या दारात राहिलं, हे वाक्य पुढच्या सगळ्या भांडणात लक्षात ठेवायला हवं, कारण पदाधिकाऱ्यांची भीती इथून सुरू होते आणि ती अगदीच खोटी नव्हती.

१ ऑगस्ट २०२० ला क्लब शंभर वर्षांचा झाला तेव्हा परिस्थिती अशी की इन्व्हेस्टर नाही, आयएसएलमध्ये जागा नाही, आणि शेजारचा मोहन बागान एटीके या कोलकात्याच्याच आयएसएल टीमशी विलीन होऊन आयएसएलमध्ये जाऊन बसलेला. फॅन्सचा जीव तुटत होता. शेवटी बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी मध्यस्थी केली, २ सप्टेंबरला एका सिमेंट कंपनीचं नाव जाहीर झालं, ७६ टक्के हिस्सा तिचा, टीमचं नाव एससी ईस्ट बंगाल, आणि महिन्याभरात आयएसएलमध्ये एंट्री. तेव्हा सगळे इतके खूश होते की नेमकी सही कशावर झालीये हे कोणी विचारलंच नाही.

सही झाली होती टर्म शीटवर. आता इथे नीट थांबायला पाहिजे कारण पुढची दोन वर्षं याच कागदावर गेली. टर्म शीट म्हणजे व्यवहाराची ठळक कलमं, किती टक्के कोणाचे, पैसे कोण घालणार, टीम कोण चालवणार. त्यावरून नंतर सविस्तर अंतिम करार बनतो आणि खरी सही त्यावर व्हायची असते. आणि जे हस्तांतरित होतं ते क्लब नाही, स्पोर्टिंग राइट्स, म्हणजे ईस्ट बंगाल या नावाने स्पर्धेत टीम उतरवायचा हक्क. तो हक्क नव्या कंपनीकडे जातो, बाकी संस्था, मेंबर, मैदानावरचा तंबू (क्लबच्या ऑफिसला तिकडे तंबू म्हणतात), कपाटातल्या ट्रॉफ्या हे सगळं जुन्या क्लबकडे राहतं. ऐकायला सोपं आहे. पण लोगो कोणाचा? मैदानावर प्रॅक्टिस कोण करणार, क्रिकेट-हॉकीच्या टीम्सचं काय, मेंबरला तंबूत जायला उद्या कंपनीची परवानगी लागेल का, आणि कंपनी सोडून गेली तर नाव परत कसं मिळणार? यात अजून एक गुंता म्हणजे ते मैदान आणि तंबू कोलकात्याच्या ज्या ‘मैदान’ नावाच्या परिसरात आहे ती जमीनच मुळात लष्कराची, क्लबच्या मालकीची नाही, त्यामुळे ती कोणाला लिहून द्यायचा प्रश्नच क्लबच्या हातात पूर्ण नाही.

अंतिम कराराचा मसुदा आला तेव्हा पदाधिकारी म्हणाले की यात टर्म शीटपेक्षा वेगळ्या गोष्टी घुसवल्यात, मेंबरांचे हक्क जातायत, क्लबचं सगळं कायमचं त्यांच्या नावावर होतंय, आम्ही सही करणार नाही. कंपनी म्हणाली काही वेगळं नाही, जे ठरलं तेच लिहिलंय, आम्ही कोट्यवधी रुपये घातलेत, सहीशिवाय पुढचा रुपया मिळणार नाही. हे चाललं जवळजवळ वर्षभर. आणि या वर्षभरात ज्याच्या नावाने दोघं भांडत होते त्या साध्या मेंबरला दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला मिळाले नाहीत, त्याला मिळत होत्या दोन्हीकडच्या प्रेस कॉन्फरन्स. माझं स्पष्ट मत आहे की पदाधिकाऱ्यांची शंका रास्त असेलही, पण मग तुम्ही आयएसएलचं तिकीट मिळवायला सप्टेंबरमध्ये घाईघाईत सही करता, सीझन खेळून घेता, दुसऱ्याच्या पैशाने खेळाडू आणता आणि कलमं वाचायला नंतर बसता, याला क्लब चालवणं म्हणत नाहीत. मेंबरांची सभा बोलावून मसुदा समोर ठेवला असता तर निम्मं भांडण तिथेच मिटलं असतं.

मैदानावर काय चाललं होतं ते आपल्याकडच्या लोकांनी जास्त जवळून बघितलं असेल, कारण बायो-बबलमुळे ते दोन्ही सीझन पूर्ण गोव्यात झाले. फातोर्डा, बांबोळी, वास्कोचं टिळक मैदान. शंभर वर्षं गर्दीवर जगलेला क्लब रिकाम्या खुर्च्यांसमोर आयएसएलमध्ये उतरला, पहिलीच मॅच डर्बी, २७ नोव्हेंबर २०२०, टिळक मैदान, ०-२. कोच लिव्हरपूलचा जुना स्टार, पण टीम उशिरा जमवलेली, त्यामुळे सीझनभर तीनच विजय आणि अकरात नववा नंबर.

सीझन संपला आणि सहीचं भांडण पुन्हा पेटलं. २०२१ च्या जुलैमध्ये एक्झिक्युटिव्ह कमिटीने सही करायची नाही असं ठरवलं आणि २१ जुलैला क्लबच्या तंबूबाहेर लेस्ली क्लॉडियस सरणीवर फॅन्स जमले. एक गट सही करा म्हणून घोषणा देणारा, दुसरा गट पदाधिकाऱ्यांच्या बाजूचा, दोघांच्या अंगावर एकच जर्सी. आधी बाचाबाची, मग हाणामारी, मग पोलिसांचा लाठीमार, कित्येकांना गाडीत घालून नेलं. डर्बीला समोरच्या क्लबच्या लोकांशी भांडणं होतात ते सगळ्यांना माहीत आहे, पण आपल्याच क्लबच्या दारात आपल्याच क्लबच्या माणसाकडून मार खायचा आणि वर पोलिसांचाही, हे त्या दिवशी झालं आणि आजचा जो राग दिसतो त्याचं मूळ मला तरी तिथे दिसतं. त्यानंतर पदाधिकाऱ्यांबद्दल जुना जो एक आदर होता, घरातल्या मोठ्यांबद्दल असतो तसा, तो तरुण पोरांमध्ये राहिला नाही.

२५ ऑगस्टला पुन्हा मुख्यमंत्र्यांकडे बैठक, पुन्हा तोडगा, म्हणजे सही झालीच नाही आणि कंपनी अजून एक सीझन थांबायला तयार झाली. ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घ्यायची मुदत, बंद व्हायला आठवडा उरलेला. आठवड्यात जी टीम होते तीच झाली. ओडिशाकडून ४-६ अशी हार. पहिला विजय यायला १९ जानेवारी २०२२ उजाडला, गोव्याविरुद्ध २-१, नाओरेम महेशचे दोन गोल, सीझनमधली बारावी मॅच होती ती. तोच पहिला आणि तोच शेवटचा, वीस मॅचमध्ये एकच विजय, तळाला अकरावे. मध्ये २९ जानेवारीची फातोर्ड्याची डर्बी, ईस्ट बंगालने आधी गोल केला, मग मोहन बागानने एका एकवीस वर्षांच्या पोराला सब म्हणून आत आणलं आणि त्याने हॅटट्रिक मारली. पोराचं नाव कियान नस्सिरी, जमशिद नस्सिरीचा मुलगा. ज्यांनी ऐंशीच्या दशकात जमशिदला लाल-सोनेरी जर्सीत बघितलंय त्यांच्यावर त्या रात्री काय बेतलं असेल, ते त्यांनाच माहीत.

एप्रिल २०२२ ला कंपनीने स्पोर्टिंग राइट्स परत दिले आणि गेली. मे महिन्यात मुख्यमंत्र्यांच्याच पुढाकाराने तिसरा इन्व्हेस्टर आला, कोलकात्याचाच एक उद्योगसमूह, करारावर सही २ ऑगस्टला, ७७ टक्के त्यांचे. तारीख बघा, ऑगस्टच्या मध्यावर ड्युरंड कप सुरू होणार आणि ऑगस्टच्या सुरुवातीला करार. २०२०, २०२१, २०२२ तिन्ही वर्षं टीम बांधायच्या वेळी क्लब कागदावर अडकलेला होता आणि बाकीचे क्लब जूनमध्येच चांगले भारतीय खेळाडू उचलून मोकळे झाले होते. कोच बदला म्हणून ओरडणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं, सप्टेंबरमध्ये उरलेल्या खेळाडूंमधून कोणताही कोच टॉप सिक्सची टीम काढू शकत नाही.

मोहन बागानशी तुलना टाळता येत नाही. त्यांच्या फॅन्सनीही नावापुढच्या एटीकेविरुद्ध तीन वर्षं आंदोलन केलं, बॅनर, मोर्चे, स्टेडियमवर बहिष्कार, सगळं केलं, आणि मार्च २०२३ ला फातोर्ड्याला फायनल जिंकल्यावर मालकांनी नाव बदलायची घोषणा केली. म्हणजे तिथे राग होता पण राग कोणावर काढायचा ते स्पष्ट होतं, एक मालक, एक मागणी. ईस्ट बंगालच्या फॅनला दाद मागायला एक दार नाही. इन्व्हेस्टरला विचारलं तर क्लबकडे बोट, क्लबला विचारलं तर इन्व्हेस्टरच्या बजेटकडे बोट. नव्या इन्व्हेस्टरच्या काळातही पदाधिकारी पत्रकारांसमोर बजेट वाढवा, चांगले खेळाडू आणा असं जाहीर बोलत आलेत, जे एका टेबलावर बसून बोलायचं असतं.

मधे बरे दिवस आले नाहीत असं नाही. १२ ऑगस्ट २०२३ ला ड्युरंडमध्ये नंदकुमारच्या गोलने डर्बी जिंकली, साडेचार वर्षांनी. २८ जानेवारी २०२४ ला भुवनेश्वरला ओडिशाला एक्स्ट्रा टाइममध्ये ३-२ हरवून सुपर कप, बारा वर्षांनी राष्ट्रीय पातळीवरची ट्रॉफी, क्लेटन सिल्वाचा विनिंग गोल, कोलकात्यात टीम उतरली तेव्हा एअरपोर्टवर पाय ठेवायला जागा नव्हती. आणि लगेच पुढच्या सीझनला आयएसएलमध्ये ओळीने सहा पराभव, ज्याने कप जिंकून दिला तो कोच तिसऱ्या पराभवानंतरच राजीनामा देऊन गेलेला, पहिला पॉइंट कोलकात्याच्याच मोहम्मेडनविरुद्ध नऊ खेळाडूंवर बरोबरी करून. २०२२-२३ ला नववे, २०२३-२४ ला नववे, २०२४-२५ ला पण नववे. २०२४-२५ ची इंडियन विमेन्स लीग मात्र ईस्ट बंगालच्या मुलींनी जिंकली. देशाची लीग पुन्हा घरी आणली ती त्यांनी, आणि पुरुषांच्या टीमबद्दल त्याच वर्षीही पदाधिकारी आणि इन्व्हेस्टर यांच्यात खेळाडू निवडायचे कोणी यावरच बोलणं चालू होतं.