चांदोलीत जायचंय? कोकणातून जाणाऱ्यांसाठी परवानगीची माहिती

“गड आमचा, वाट आमची, मग परवानगी कसली?” शृंगारपुरात प्रचितगडाचा विषय निघाला की हे ऐकू येतंच. येसूबाईंचं माहेर असलेल्या या गावातून गड समोर दिसतो, हे खरं. पण शिडी चढून माथ्यावर पोचलात की तुम्ही चांदोली राष्ट्रीय उद्यानात असता. २००४ साली जाहीर झालेलं हे ३१७ चौरस किलोमीटरचं, वारणेच्या खोऱ्यातलं जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ नुसार परवान्याशिवाय आत जाता येत नाही. कलम २८ मध्ये परवाना कशासाठी मिळतो ते दिलंय: पर्यटन, छायाचित्रण, वन्यजीवांचा अभ्यास, संशोधन, आणि आत राहणाऱ्या कुणाकडे रीतसर काम असेल तर तेही. तुम्ही कुठले रहिवासी, याची अट नाही.

नुसतं जंगल बघायचं असेल तर प्रवेश घाटावरून, मणदूरच्या बाजूने. रत्नागिरीहून साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोकरूड, आरळा असा रस्ता. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र आणि गाडीची कागदपत्रं जवळ ठेवा, शुल्क भरून पावती घ्या. वाघ दिसेलच असं धरून जाऊ नका. गवे दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त.

गडाची पायवाट धरायची असेल तर मणदूरची पावती पुरेल असं समजू नका. प्रकल्पाच्या वन्यजीव विभागाकडे आगाऊ लेखी अर्ज करा. त्यात सगळ्यांची नावं, वयं, पत्ते, ओळखपत्रांच्या प्रती, कुठून चढणार, कधी उतरणार आणि वाटाड्या कोण, हे स्पष्ट लिहा. पोच घ्यायला विसरू नका. ओळखीतल्या वनरक्षकाचं “जा हो, काय होत नाय” म्हणजे परवाना नव्हे. गडावर मुक्कामही गृहीत धरू नका. हवा असेल तर अर्जातच विचारा. संशोधनाचा अर्ज मात्र संस्थेच्या पत्रासह नागपूरला, मुख्य वन्यजीव रक्षकांकडे.

पावसाळ्यात पर्यटन बंद असतं, त्यामुळे श्रावणातल्या सहलीचा बेत आखूच नका.

आणि हो, कमरेचा कोयता घरी ठेवून या. कायद्याच्या व्याख्येत चाकूसुद्धा शस्त्रात मोडतो, आणि कलम ३१ नुसार शस्त्र न्यायला वेगळी लेखी परवानगी लागते.