पिशवीतल्या गोळ्या आणि सोबत आलेली सून

इंदूरच्या रामबागेत काय किंवा लोकमान्य नगरात काय, आजींनी भाजीत दोनदा मीठ घातलं की घरातले म्हणतात, ‘वय झालं आता.’ आपल्याकडे हेच निदान समजतात. भारतात साठीपुढच्या अंदाजे 88 लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे. पण विसरण्यामागे दरवेळी तोच असतो असंही नाही. थायरॉइड मंदावणं, नैराश्य, बी-12 ची कमतरता (शाकाहारी घरांत ती सहज सापडते) यांनीही स्मरणशक्ती अडखळते आणि उपचारांनी सुधारू शकते. ही पहिली चौकशी गल्लीतले फॅमिली डॉक्टर किंवा जवळचं संजीवनी क्लिनिक करू शकतं.

जाताना औषधांची अख्खी पिशवी न्यावी. नुसत्या चिठ्ठ्या पुरत नाहीत.

कारण असं. आठवण साठवताना मेंदूला अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन लागतं. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात ते कमी पडतं, म्हणून डोनेपेझिल देतात; ते मोडणाऱ्या एन्झाइमला हे औषध अडवतं. पण हेच रसायन मूत्राशयालाही हुकूम देतं, त्यामुळे काहींना लघवी आवरेनाशी होते. मग दुसरे डॉक्टर त्यावर ऑक्सिब्युटिनिन लिहून देतात आणि ते तर अ‍ॅसिटिलकोलिनचंच काम रोखतं! एका गोळीने नळ सोडायचा, दुसरीने बंद करायचा, आणि दोन्हींचा खर्च आजोबांच्या पेन्शनमधून. सर्दीसाठी दुकानातून परस्पर आणलेली क्लोरफेनिरामिनही याच पंगतीतली. कुणा एकाने सगळी पिशवी टेबलावर ओतून पाहिली तरच ही भानगड लक्षात येते. मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून, मध्ये अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढायला लावायचं, ही चाचणी तीनेक मिनिटांत होते. तिने निदान होत नाही, पुढे तपासायचं का एवढं कळतं. शाळेत न गेलेल्या आजींना मात्र घड्याळ काढणंच जड जातं. तिथे घरच्यांना विचारलेलं बरं: सुटे पैसे मोजताना गोंधळतात का? पूजेचा क्रम चुकतो का? आणि एक-दोन दिवसांतच असंबद्ध बडबड सुरू झाली, तर थांबू नये. लघवीतल्या संसर्गानेही तसं होतं.

आता सोबत आलेल्या सुनेकडे वळू. संध्याकाळ झाली की सासूबाई ‘मला घरी जायचंय’ म्हणून दार उघडतात, रात्री चारदा उठतात. हिला झोप लागते का, हे क्वचितच कुणी विचारतं. गोव्यात 81 कुटुंबांमध्ये अशा मदतीची चाचणी झाली. 2008 मध्ये ती प्रसिद्ध झाली. थोडं प्रशिक्षण घेतलेल्या, डॉक्टर नसलेल्या माणसांनी घरी जाऊन आजार समजावला, अशा वेळी वाद न घालता कसं वागायचं ते दाखवलं, काळजी घेणाऱ्याचं ऐकून घेतलं. त्या घरांत काळजी घेणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं. यात महागडं काहीच नव्हतं. आपल्या आशा कार्यकर्त्या वस्तीतल्या घराघरांत जातातच. माझ्या मते त्यांना हे शिकवून त्याचा वेगळा मोबदला द्यायला हवा.

तोवर ज्येष्ठांसाठीची 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि पुण्या-बंगळुरूच्या भावंडांनी फोनवर सल्ले देण्यापेक्षा महिन्यातल्या दोन रात्री येऊन आईजवळ झोपावं.