सुश्रुताचं नाक आणि सायणाचार्यांची योजनं

जुन्या ग्रंथातलं विज्ञान म्हणून फिरणाऱ्या पोस्टींमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. एक म्हणजे ग्रंथात खरंच लिहिलेलं, आणि दुसरं म्हणजे शोध लागल्यावर मागून आपण ग्रंथात कोंबलेलं. वरवर बघता दोन्ही सारखीच वाटतात, कारण दोन्हीकडे संस्कृत असतं ना!

पहिल्याचं उदाहरण सुश्रुतसंहिता. सूत्रस्थानाच्या 16 व्या अध्यायात कापलेलं नाक कसं जोडायचं ते दिलंय. नाकाच्या मापाचं पान घ्यायचं, त्या मापाने गालाची कातडी काढायची पण ती गालाला जोडलेली ठेवायची, नाकाची कड खरवडून त्यावर बसवायची, श्वासासाठी दोन नळ्या घालायच्या, मग वर ज्येष्ठमध वगैरेची पूड, पांढरा कापूस आणि तिळाचं तेल. आता ही कातडी जोडलेली का ठेवायची, तर रक्तपुरवठा तुटू नये म्हणून, हे कारण आजचा सर्जन सांगेल, सुश्रुत कृती सांगतो, पण कृती बरोबर आहे हे तपासता येतं. इथे आधुनिक ज्ञान वापरून ग्रंथ नीट समजतो, काही घुसवावं लागत नाही.

दुसऱ्याचं उदाहरण म्हणजे ऋग्वेदात प्रकाशाचा वेग अचूक दिलाय म्हणणारी ती पोस्ट, सगळ्यांनी वाचलेली असणारच. ऋग्वेदात 1.50.4 ला सूर्याची स्तुती आहे, त्यात आकडा एकही नाही. आकडा आहे 14 व्या शतकातल्या सायणाचार्यांच्या भाष्यात, म्हणजे वेदात आहे म्हणणं इथेच संपलं 😅 अर्ध्या निमिषात 2202 योजनं जाणाऱ्या सूर्याला नमस्कार, असं त्या भाष्यात दिलेला श्लोक म्हणतो. सूर्याला, प्रकाशाला नाही.

आता खरी गंमत. योजन म्हणजे किती? कुणी 8 किमी धरतं, कुणी 13. निमिष म्हणजे किती? विष्णुपुराणाच्या हिशोबाने सुमारे 0.213 सेकंद, मनुस्मृतीच्या हिशोबाने 0.178. यातली कुठलीही जोडी घ्या आणि गुणाकार-भागाकार करा, उत्तर सेकंदाला 1.65 लाख किमीपासून 3.22 लाखांपर्यंत कुठेही येतं! पोस्टवाल्याला प्रकाशाचा खरा वेग, सेकंदाला 2,99,792 किमी, आधीच माहीत असतो, म्हणून तो त्याला हवं ते योजन निवडतो, बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढल्यासारखं. रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने 1676 ला गुरूच्या चंद्राची ग्रहणं बघून प्रकाशाला वेग आहे हे दाखवलं, त्याआधी या श्लोकावरून कुणी तो वेग काढून दाखवलाय का?

म्हणून मी पोस्ट आली की एवढंच बघतो, आधुनिक शोध लागायच्या आधी ग्रंथातलं काही कुणाला प्रत्यक्षात करता आलं का. नाकाच्या बाबतीत आलं. 1794 ला लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनमध्ये पुण्यातल्या अशा ऑपरेशनची हकीकत चित्रासकट छापून आली, कातडी गालाऐवजी कपाळाची होती, आणि 1814 ला कार्प्यू नावाच्या सर्जनने तीच पद्धत तिकडे वापरली.